रविवारपलीकडचे चर्च

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चकडे जाणारा रस्ता सकाळपासूनच गजबजलेला असतो. फुटपाथवर मेणबत्त्या, हार आणि मेणाच्या प्रतिकृती मांडलेल्या असतात: हात, पाय, बाळ, घर. १९४८पासून इथे दर बुधवारी नोव्हेना ही विशेष प्रार्थना होते. रांगेत ख्रिस्ती असतात, तसेच इतर धर्मांचेही पुष्कळ असतात. भाविक आपली मागणी किंवा आभार चिठ्ठीवर लिहून देतात. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला मूल, कुणाला हक्काची खोली, तर कुणाला घरातल्या माणसाची दारू सुटायला हवी असते. शहराचे दुखणे काय, ते या चिठ्ठ्यांतून नेमके कळते. चिठ्ठीवर प्रार्थना तर व्हायलाच हवी. पण प्रार्थना आटोपल्यावर त्या दुखण्याचे काय करायचे, हा शहरातल्या प्रत्येक चर्चपुढचा प्रश्न आहे.

त्याची उत्तरे आपल्याकडे शोधली गेली आहेत. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने आधी शाळा आणि छापखान्याची वाट धरली. पुढे याच मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२०च्या दशकात नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ उघडले. मुसलमान, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती अशी सरमिसळ वस्ती, दाटीची घरे आणि पलीकडेच कामाठीपुरा. तिथे त्यांनी आरोग्य, शिक्षण आणि खेळ यांपासून सुरुवात केली. दार सर्वांना खुले होते. काम करताना त्यांच्या ध्यानात आले की नुसत्या कळवळ्याने भागत नाही. सेवेलाही अभ्यास लागतो, प्रशिक्षित माणसे लागतात. त्यातून दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९३६मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था उभी राहिली आणि तिचे पहिले वर्ग नागपाड्याच्या त्याच वास्तूत भरले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. एका मिशनच्या वस्तीकामातून साऱ्या देशाला उपयोगी पडणारी विद्या निघाली, याचे मोल फार मोठे आहे.

त्यानंतरच्या पिढ्यांनी शहराची नवी दुखणी ओळखली. घरातून पळून मुंबईच्या फलाटांवर येणाऱ्या मुलांसाठी येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६२मध्ये ‘स्नेहसदन’ सुरू केले. मुलांना मोठ्या वसतिगृहात कोंबण्याऐवजी लहान लहान घरे, प्रत्येक घरात आईवडिलांच्या जागी माणसे, अशी तिथली पद्धत. १९८७मध्ये वडाळ्याला डॉन बॉस्को संस्थेचे ‘शेल्टर’ रस्त्यावरच्या मुलांसाठी उभे राहिले. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ची सुरुवात केली. फादर जो हे बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. व्यसनमुक्तीच्या उपचारात त्यांनी योगासनांना मानाचे स्थान दिले. कॅथलिक धर्मगुरू पुण्याच्या योगगुरूंकडे शिकतो आणि ते शिक्षण व्यसनाने पोखरलेल्या माणसाला सावरायला वापरतो, यात शहराशी नाते कसे जोडावे याचा धडाच आहे.

वसईत हे नाते आणखी पुढे गेले. मुंबईचा पसारा वसईपर्यंत पोचला, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, वाड्यांच्या जागी इमारती चढू लागल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या लढ्याचे नेतृत्व केले. त्यात सर्व धर्मांची माणसे उतरली, कारण विहीर आटली की ती सर्वांसाठीच आटते. याच फादरांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्यांच्याकडे पाहिले की पटते: ज्या मातीत चर्च उभे आहे, तिच्या पाण्यासाठी आणि भाषेसाठी झटणे हेही धर्मकार्यच आहे.

या वाटेत संशयाचा काटाही आहे. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळी चहा प्यायली म्हणून धर्म बाटल्याच्या आरोपावरून केवढे ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजले होते! सेवेमागे धर्मांतराचा हेतू असावा, ही शंका आजही ऐकू येते. तिच्यावर उतारा एकच: मदत बिनशर्त हवी आणि तिचा कारभार उघडा हवा. कामात वस्तीतल्या माणसांनाच पुढे करावे. काय हवे ते त्यांनी सांगावे आणि हळूहळू कामही त्यांच्याच हाती जावे. नागपाड्यापासून वसईपर्यंत टिकलेले काम पाहिले, तर ते परिसराच्या गरजेतून निघालेले दिसते.

चर्चला घरातही पाहावे लागेल. बाप्तिस्मा झाला तरी जात सुटली नाही, हे दलित ख्रिस्ती कितीतरी वर्षे सांगत आले आहेत. बाकावर शेजारी बसणाऱ्याला लग्नाच्या बैठकीत लांब ठेवणारी मंडळी शहराला समतेचा संदेश कोणत्या तोंडाने देणार? मुंबई-पुण्यातल्या जुन्या पॅरिशकडे, म्हणजे स्थानिक चर्चमंडळांकडे, मैदाने आहेत, सभागृहे आहेत, आठवडाभर कुलूपबंद राहणाऱ्या खोल्या आहेत. जागेच्या चणचणीत जगणाऱ्या शहरात ही केवढी दौलत! तिथे दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलांची रात्रीची अभ्यासिका चालू शकते. मुले परदेशी गेल्यामुळे एकट्या पडलेल्या वृद्धांचे दुपारचे जेवण होऊ शकते. परगावाहून आलेल्या परिचारिकेला, मजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला कागदपत्रांसाठी मदत मिळू शकते. यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो तो पॅरिश कौन्सिलचा ठराव, किल्ली सांभाळणारा एखादा भरवशाचा माणूस आणि येणाऱ्याची जात, धर्म, भाषा न विचारण्याचा निर्धार. ‘आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा रविवारी वाचणाऱ्या मंडळीने येत्या वर्षी निदान एक खोली सोमवार ते शनिवार परिसरासाठी उघडी ठेवावी.