तुटीचा भार कोणावर? : तंजावरच्या शेतावरून राज्याचे अंदाजपत्रक

तंजावर हे नाव मराठी वाचकाला व्यंकोजीराजांमुळे, सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आणि बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेखामुळे परिचित आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा जिल्हा तमिळनाडूचे भाताचे कोठार मानला जातो. राज्याच्या तिजोरीत तूट आली असता कर वाढवावेत की सेवा कमी कराव्यात, या प्रश्नाचे उत्तर सामान्य माणसाच्या संसारात कसे उतरते, हे समजून घेण्यास तंजावरचा अनुभव उपयुक्त आहे.

वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने यांसारखा दैनंदिन खर्च करांच्या व अन्य महसुली उत्पन्नापेक्षा अधिक झाला, म्हणजे महसुली तूट निर्माण होते. धरण बांधण्यासाठी घेतलेले कर्ज पुढे पिकाच्या रूपाने काही परत देते. पगार भागविण्यासाठी घेतलेले कर्ज केवळ व्याज मागे ठेवते. राज्यांना नोटा छापता येत नाहीत. केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला नवे कर्ज उभारण्यासाठी घटनेच्या कलम 293 नुसार केंद्राची संमती घ्यावी लागते. (मर्यादित उत्पन्नात कारभार चालविण्याची वेळ तंजावरवर पूर्वीही आली होती. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेल्यावर सरफोजीराजांच्या हाती नेमणुकीची ठरावीक रक्कम आणि निव्वळ महसुलाचा एक पंचमांश एवढेच उरले.)

2001 नंतर तमिळनाडूची आर्थिक स्थिती बिकट झाली, तेव्हा राज्य शासनाने प्रामुख्याने खर्चकपातीचा मार्ग स्वीकारला. कर्मचाऱ्यांच्या सवलती कमी करण्यात आल्या. मासिक पाच हजार रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या शिधापत्रिकांवर ‘एच’ शिक्का मारून त्यांना स्वस्त तांदळातून वगळण्यात आले. 1990 पासून सर्व कृषिपंपांना मिळणाऱ्या मोफत विजेवर 2003 मध्ये आकार लावण्यात आला. जुलै 2003 मधील संपानंतर सुमारे 1 लाख 70 हजार कर्मचारी व शिक्षकांना बडतर्फ करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयासमोर प्रकरण गेल्यानंतर त्यांपैकी बहुसंख्य पुन्हा कामावर आले.

हिशेबाच्या दृष्टीने हे निर्णय असमर्थनीय नव्हते. मोफत विजेचा लाभ मोठ्या पंपाच्या मालकाला अधिक मिळतो आणि ज्याच्याकडे पंपच नाही त्या शेतमजुराला काहीच मिळत नाही, हे खरेच आहे. परंतु वेळ कोणती होती? मेट्टूर धरणातून 12 जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. 2002 आणि 2003 या दोन्ही वर्षी त्या तारखेस पाणी सुटले नाही. कालवा कोरडा असताना ‘कुरुवै’ हे अल्प मुदतीचे भातपीक घ्यायचे, तर कूपनलिकेवरील पंप हाच आधार उरतो. नेमक्या त्याच काळात विजेचे देयक दारी आले. मे 2004 च्या लोकसभा निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला राज्यातील 39 पैकी एकही जागा मिळाली नाही आणि त्याच महिन्यात मोफत वीज पूर्ववत झाली, ‘एच’ शिक्काही रद्द झाला.

तथापि 2005-06 मध्ये राज्याचे महसुली खाते शिलकीत आले. वाढत्या अर्थव्यवस्थेबरोबर वाढलेला करमहसूल आणि केंद्रीय करांतील वाटा यांचा त्यात मोठा हात होता. नोव्हेंबर 2003 मध्ये मद्याची किरकोळ विक्री शासकीय महामंडळाने हाती घेतली, त्या उत्पन्नाचीही भर पडली. तूट भरून काढण्याचा हा मार्ग सोपा खरा, परंतु त्याचा मोठा भार मजुराच्या खिशावर पडतो आणि अंदाजपत्रकीय भाषणात तो ‘करवाढ’ म्हणून दिसतही नाही.

पुढे दीड दशकाने चित्र पुन्हा पालटले. ऑगस्ट 2021 मध्ये वित्तमंत्री पलनिवेल त्यागराजन यांनी सादर केलेल्या श्वेतपत्रिकेनुसार 2020-21 ची महसुली तूट 61,320 कोटी रुपये होती आणि सार्वजनिक कर्जाचा भार दर कुटुंबामागे 2,63,976 रुपये येत होता. महासाथीच्या वर्षाचा त्यात वाटा होताच. परंतु श्वेतपत्रिकेचा रोख अधिक जुन्या दुखण्याकडे होता. मालमत्ता कर, वाहन कर, वीजदर यांत वर्षानुवर्षे वाढ झाली नव्हती. दर न वाढविणे हाही निर्णयच असतो, फक्त त्याची घोषणा होत नाही. महागाईबरोबर कराचे खरे मूल्य घटत जाते, मग कालव्यातील गाळ काढणे, दारे दुरुस्त करणे ही कामे पुढे ढकलली जातात आणि शेपटाकडील गावांना पाणी पोहोचत नाही. या कपातीविरुद्ध संप होत नाहीत, म्हणून शासनांना ती सोयीची वाटते.

1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यामुळे बहुतेक वस्तूंवरील कराचा दर आता राज्याला एकट्याने बदलता येत नाही. पेट्रोल-डिझेल, मद्य, मुद्रांक शुल्क, वाहने आणि स्थानिक संस्थांमार्फत मालमत्ता कर एवढीच प्रमुख साधने हाती उरतात. त्यांतही 2021 मध्ये तमिळनाडूने पेट्रोलवरील कर लिटरमागे 3 रुपयांनी कमी केला आणि महिलांना साध्या नगर बसमधून मोफत प्रवास दिला. म्हणजे तूट असतानाही सेवा वाढविण्यात आली.

लोक कोणत्या कराला राजी होतात, याचे उत्तर महाराष्ट्राजवळ आहे. 1975 च्या व्यवसाय कराचे उत्पन्न रोजगार हमीसाठी राखून ठेवण्यात आले आणि शासनानेही तेवढीच भर घालावयाची असे ठरले. शहरातील पगारदाराने दुष्काळी गावातील मजुरासाठी दिलेला हा कर टिकला, कारण पैसा कोठे जातो हे ठाऊक होते.

तमिळनाडूने एप्रिल 2022 मध्ये मालमत्ता कराला हात घातला. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी संस्थांच्या अनुदानाला या कराच्या सुधारणेची अट जोडली होती. चेन्नईबाहेरील महानगरपालिकांत, त्यात 2014 मध्ये महानगरपालिका झालेले तंजावरही आले, 600 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 25 टक्के, तर 1800 चौरस फुटांहून मोठ्या घराला 100 टक्के वाढ लावण्यात आली. लहान घराला कमी आणि मोठ्या घराला अधिक ही विभागणी न्याय्य आहे. मात्र वर्षाला 800 रुपये भरणाऱ्यास दरसाल थोडी वाढ जाणवलीही नसती. दीर्घ काळ थांबून एकाच मागणीपत्रात आलेले 200 रुपये त्याला जाणवतात, आणि 2,000 रुपयांचे 4,000 झालेला घरमालक तर मागणीपत्र घेऊन थेट पालिकेत येतो.