गाणं एक, नंबर अनेक

गीतरामायणाची छप्पन्न गाणी १ एप्रिल १९५५पासून दर आठवड्याला एक अशी पुणे आकाशवाणीवर लागत गेली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे निरनिराळे गळे होते. पुढे संगीतकार बाबूजींनी (सुधीर फडके) सगळीच स्वतः गायली आणि त्या रेकॉर्ड घरोघरी पोचल्या. दोन्ही मुद्रणं एखाद्या ॲपवर चढली, तर कवी गदिमांचे शब्द तेच, चाल तीच, शीर्षकही तेच. संगणकाने भेद करायचा कशावरून?

त्यासाठीच आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक मुद्रणाला दिलेला आंतरराष्ट्रीय कोड. १९८६ साली आयएसओ ३९०१ हे त्याचं मानक आलं आणि त्याचा जागतिक कारभार ‘आयएफपीआय’ या ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संस्थेकडे आहे. बारा अक्षर-अंकांचा हा कोड. पाच जागा कोड देणाऱ्या कंपनीची ओळख, त्यात पहिली दोन अक्षरं देशाची (आपली ‘आय’ आणि ‘एन’). पुढचे दोन अंक वर्षाचे, उरलेले पाच अनुक्रमांकाचे.

वर्षाच्या त्या दोन अंकांवर भले भले फसतात. ते मुद्रणाचं वर्ष नव्हे, कोड दिल्याचं. १९५५चं मुद्रण २०१०मध्ये नोंदवलं, तर तिथे १० येणार. कोड मालकी सांगतो म्हणावं, तर तेही नाही. कंपनीने आपला सगळा संग्रह विकला तरी कोड जुनाच राहतो. मला यात शहाणपण दिसतं. मालक बदलला म्हणून नंबर बदलू लागला, तर त्याचा उपयोग काय?

रचनेचा कोड वेगळा, आयएसडब्ल्यूसी. तो ‘टी’ने सुरू होतो, पुढे नऊ अंक आणि शेवटी एक पडताळणी-अंक. आयएसआरसीत असा अंकच नाही. टंकताना ३चा ८ झाला तरी कोड दिसायला धडधाकट, फक्त दुसऱ्याच कुणाच्या गाण्याचा!

कॅसेट, सीडी, ॲप असं माध्यम बदललं तरी मुद्रण तेच, म्हणून कोडही तोच. रीमिक्स झालं, मैफलीत पुन्हा गायलं, तर नवा. आवाजाची पातळी नुसती सारखी केली तर जुना चालतो. खरखर काढून जुनं मुद्रण मुळापासून सावरलं तर नवा. आळसाने दर वेळी नवा कोड दिला, की एकाच मुद्रणाचे श्रोते दोन खात्यांत विभागले जातात.

नंबराची गरज काही डिजिटल युगात उपटलेली नाही. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रक गैसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हाही तबकडीवर मॅट्रिक्स नंबर कोरत. तबकड्या निघत जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची, असं सांगतात.

साथीदारांचं मात्र तेव्हाही अवघड होतं. बहुतेक जुन्या लेबलांवर तबलजीचं नाव नाही, पेटीवाल्याचं नाही. कोडात नावाला जागाच नसते. नावं जातात सोबतच्या नोंदीत, आणि नोंद करणारा हाती असलेलं लेबल पाहूनच रकाने भरतो.