नातवंडासाठी पाळणाघर निवडताना

मनगट दुखते म्हणून 67 वर्षांच्या एक आजी मध्यंतरी दवाखान्यात आल्या होत्या. रक्तदाब मोजला, तर वरचा आकडा 180 निघाला. गोळी नियमित चालू आहे ना, असे विचारताच त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, त्या गोळीनं सारखं लघवीला जावं लागतं. घरात दिवसभर मी आणि बाळ, दोघंच. आता ते रांगायला लागलंय. त्याला कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ?" तीन आठवडे त्यांनी गोळीच घेतली नव्हती. पाळणाघराचा विषय सुनेने काढला होता; तो आजींनीच बंद केला होता. "आजी घरात असताना बाळ पाळणाघरात ठेवलं, तर लोक काय म्हणतील?"

वाचकहो, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात आज उभा आहे. पुण्यासारख्या शहरात मुलगा आणि सून, किंवा लेक आणि जावई, दोघेही सकाळी आठला घर सोडतात. एका वर्षाखालील बाळाला नऊ-दहा तास सांभाळायचे, तर शंभर वेळा वाकावे, उचलावे आणि धावावे लागते. आपल्या मायेविषयी कुणाला शंका नसते. प्रश्न गुडघ्यांचा, मनगटांचा आणि हृदयाचा असतो. शरीर साथ देत नाही हे वेळेवर सांगणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे. मात्र पाळणाघर चांगले असले पाहिजे, आणि ते शोधण्याच्या कामी आजी-आजोबांइतके योग्य दुसरे कुणी नाही. आपल्याकडे दिवसाचा वेळ आहे आणि मुले वाढवलेली नजर आहे.

कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही

"आमच्याकडे परवाना आहे," असे पाळणाघराचे चालक सांगतात, तेव्हा तो कोणता, हे विचारावे. बहुधा दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी दाखवली जाते. महाराष्ट्राच्या 2017 च्या या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यायची असते. त्या पावतीवरून व्यवसाय नोंदला गेला आहे एवढेच कळते. तेथे बाळे सुरक्षित आहेत की नाहीत, हे कुणी तपासले असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून आणखी तीन गोष्टी मागाव्यात: अग्निशमनाची व्यवस्था व तिची कागदपत्रे, सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, आणि तेथेच अन्न शिजत असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी. कागद दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर पुढचे पाळणाघर पाहावे.

सुनेच्या किंवा लेकीच्या कार्यालयातही चौकशी करावी. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा दिली. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी ही सोय फार मोलाची आहे. आपली शुश्रूषा करणाऱ्या ताईंचे मूल लहान असेल, तर त्यांनाही शासनाच्या 'पाळणा' योजनेविषयी सांगावे. त्या योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरात ठेवता येते. आपल्या भागात अशी सोय आहे का, हे जवळच्या अंगणवाडीत कळेल.

हात मोजावेत

भिंतीवरची चित्रे आणि खेळणी नंतर पाहावीत. आधी बाळे मोजावीत आणि सांभाळणारे हात मोजावेत. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक व्यक्ती असावी असा नियम आहे. माझ्या मते, रांगत्या आणि तान्ह्या बाळांसाठी चारांमागे एक, याहून कमी मनुष्यबळ चालवून घेऊ नये. कसोटी साधी आहे. आग लागली, तर या मावशी किती बाळांना एका वेळी बाहेर नेऊ शकतील? त्याच मावशी स्वयंपाकही करत असतील, किंवा शाळेच्या मुलांना आणायला जात असतील, तर तेवढा वेळ त्यांना मोजणीत धरू नये.

बाळाला कसे निजवतात, हे अवश्य पाहावे. एका वर्षाखालील बाळ प्रत्येक झोपेसाठी उताणे, घट्ट आणि सपाट गादीवर निजवावे. उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी जवळ नसावीत. आपल्या पिढीने मोहरीची उशी वापरली, हे खरे. पण श्वास कोंडण्याचा धोका लक्षात घेता आज ती वापरू नये, पाळणाघरात नाही आणि घरीही नाही. झोपलेल्या बाळांच्या खोलीत कुणीतरी जागे असले पाहिजे.

दूध आणि अन्न यांविषयी नेमके प्रश्न विचारावेत. आईचे काढलेले दूध 25 अंश तापमानाला साधारण चार तास टिकते. एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढा भरवसा न धरता ते फ्रिजमध्येच असावे. प्रत्येक बाटलीवर बाळाचे नाव आणि वेळ लिहिलेली असावी, ती कोमट पाण्यात ठेवून गरम करावी, आणि उष्टे उरलेले दूध पुढच्या वेळी देऊ नये. सहा महिन्यांनंतर पेज, खिमट, मऊ भात हे बाळाला बसवून, त्याच्याकडे लक्ष देऊन भरवतात का? मध एक वर्षापर्यंत देऊ नये. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे लहान मुलांच्या हाती लागू नयेत. डायपर बदलल्यावर मावशी साबणाने हात धुतात की नाही, हे विचारू नये, उभे राहून पाहावे. डायपर बदलण्याची जागा आणि अन्नाची जागा वेगळी हवी.

आजारपणाचा नियमही आधीच ठरलेला असावा. ताप किंवा जुलाब असलेल्या बाळाला घरी ठेवण्यास सांगणारे पाळणाघर गैरसोयीचे वाटते, पण तेच विश्वासाचे असते. लसीकरणाचे कार्ड ते मागतात का, हेही पाहावे. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, त्याआधी बाळाची मदार इतरांच्या लसीकरणावर असते. पालकांच्या संमतीवाचून कोणतेही औषध देऊ नये, हे लेखी घ्यावे. संध्याकाळी बाळ नेहमी गुंगीत येत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. पाळणाघरात जाऊ लागल्यावर पहिले काही महिने सर्दी-खोकला वारंवार होतो आणि तो घरातल्या वृद्धांनाही गाठतो. मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्या आजी-आजोबांनी फ्लूच्या लसीविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

न सांगता जावे

खारघरच्या एका पाळणाघरात 2016 च्या नोव्हेंबरमध्ये दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्याच्या चित्रणातून उघड झाली. कॅमेरा हवाच, परंतु तो घडून गेलेले दाखवतो. घडू नये म्हणून दार उघडे असावे लागते. पालक कधीही आत येऊ शकतात का, हा प्रश्न विचारावा आणि प्रवेशानंतरही अधूनमधून अवेळी जावे.

तुलना करताना तीन-चार पाळणाघरांसाठी वहीत एकेक पान ठेवावे आणि सर्वांना तेच प्रश्न विचारावेत. प्रत्येक ठिकाणी दुपारी बाराला भरवण्याच्या वेळी, तीनला झोपेच्या वेळी आणि संध्याकाळी सहाला मावशी थकलेल्या असताना डोकवावे. शुल्कात काय धरले आहे, सुट्ट्या किती, उशीर झाल्यास किती पैसे, मावशी किती वर्षे टिकल्या आहेत आणि बाळाला नेण्याचा अधिकार कुणाला, हे लिहून घ्यावे. आपणच आणायला जाणार असाल, तर जिने आणि अंतरही मोजावे. निर्णय आई-वडिलांचा असतो. आपण वही त्यांच्यासमोर ठेवावी.

त्या आजींनी असेच केले. सर्वांना आवडलेल्या, रंगीत भिंतींच्या पाळणाघरात त्या दुपारी अर्धा तास बसल्या. अकरा बाळे आणि एकच मावशी. दुसऱ्या शाळेच्या मुलांना आणायला गेलेल्या. अखेर घराजवळचे दोन खोल्यांचे साधे पाळणाघर ठरले. बाळ आता नऊ ते दोन तेथे असते आणि दोननंतर आजीजवळ. आजी रक्तदाबाची गोळी सकाळी, बाळ गेल्यावर लगेच घेतात. मागच्या भेटीत वरचा आकडा 138 होता.