भंगाराचा काटा

भंगाराचा भाव फोनवर ठरतो, पैसे मात्र काट्यावरच्या वजनाचे मिळतात. जालन्यात सळया बनवणाऱ्या स्टीलच्या भट्ट्यांकडे माल घेऊन आलेला ट्रक आधी भरलेला तोलला जातो, मग रिकामा. मधला फरक म्हणजे माल. जाणता विक्रेता वाटेतल्या धर्मकाट्याची पावती आधीच खिशात घालून येतो.

तरी काटा मारला जाण्यापेक्षा त्याला धास्ती असते ती ‘कट’ची. माती, गंज, रबर, लाकूड यांपोटी किती किलो वजा करायचे, हे बहुधा माल खाली झाल्यावर ठरतं. वैधमापन खात्याचा शिक्का काट्याची हमी देतो, कटाची नाही. पटलं नाही तर माल परत भरा, हमाली द्या, भाडं सोसा. म्हणून दोन-तीन टक्क्यांवर विक्रेता कुरकुरतो आणि सही करतो. वाढीव कट लावणाऱ्या भट्टीचं नाव मात्र बाजारात लगेच खराब होतं.

पैशाची वाट याहून वाकडी. भट्टी उधारीवर घेते. मोठा व्यापारी छोट्या दुकानदाराला रोख देतो. दुकानदार कचरा वेचणाऱ्या बाईला आधीच उचल देऊन बसलेला असतो. दलाल म्हणून शिव्या खाणारा मधला माणूसच या साखळीची बँक आहे. महागडी बँक, हेही खरं: उचल घेतलेल्या बाईला दुसऱ्या दुकानात माल घालता येत नाही. व्याज कुठेच लिहिलेलं नसतं, किलोमागे कापलेल्या रुपयात ते वसूल होतं. पुण्यात १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेने ओळखपत्रांसोबत पतसंस्थाही काढली, ती उगाच नव्हे.

वरच्या टोकाला संशयाचं कारण जीएसटी. धातूच्या भंगारावर १८ टक्के कर. विक्रेत्याने तो भरलाच नाही, तर खरेदीदाराची वजावट बुडते. खोट्या बिलांनी हा धंदा इतका बदनाम झाला, की १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या धातूच्या भंगारावरचा कर खरेदीदारानेच भरायचा आणि नोंदणीकृत विक्रेत्याच्या बिलातून २ टक्के कापून घ्यायचे, असा नियम आला. त्यावर बाजाराचा स्वतःचा नियम आहेच: जुन्या व्यापाऱ्याला बिलाची पूर्ण रक्कम मिळते; नव्याला मालाचे पैसे आधी, कराचे पोर्टलवर नोंद दिसल्यावर.