एकवीस हजारांची मेख

महाराष्ट्रात सरकारदरबारी निराधार ठरायचं तर सगळ्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत दाखवावं लागतं. म्हणजे महिन्याला 1,750 आणि दिवसाला साडेसत्तावन्न. घरात पाच माणसं धरली तर माणशी रोज साडेअकरा रुपये. एवढ्यात टपरीवरचा एक चहा होतो, तोही तालुक्याच्या गावात. या पैशांत पाच जण वर्षभर जगले असं तहसीलदारांच्या सहीचा कागद सांगू लागला, की मग संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा किंवा श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज भरता येतो.

2023 च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात या दोन्ही योजनांची रक्कम महिना 1,000 वरून 1,500 रुपये झाली. टाळ्या पडल्या, बातम्या आल्या. 21,000 चा आकडा मात्र कुणी हलवला नाही. आता दिव्यांग सोडता बाकी लाभार्थ्याला वर्षाला 18,000 मिळतात आणि ते मिळवण्यासाठी घरात 21,000 पेक्षा जास्त येत नाहीत असं सिद्ध करावं लागतं. योजनांविषयी आपण बोलतो तेव्हा चर्चा नेहमी रकमेची होते. रक्कम तुटपुंजी आहेच. पण खरी मेख या मर्यादेत आहे.

संजय गांधी योजना 1980 ची, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची. तिच्या पात्रतेची यादी वाचण्यासारखी आहे. विधवा आणि दिव्यांग तर त्यात आहेतच. शिवाय परित्यक्ता, देवदासी, तृतीयपंथी, अनाथ मुलं, कर्करोग-क्षय-कुष्ठरोगानं काम करण्याजोगे न राहिलेले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरचे, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची बायको, इतकंच काय, 35 वर्षांवरची अविवाहित स्त्रीसुद्धा. कुणाच्या पाठीशी कुणी नसतं, याची इतकी नेमकी जाण सरकारी निर्णयात क्वचित दिसते. ज्यानं ती यादी लिहिली त्याला गाव माहीत होतं. पासष्टीच्या आतल्यांसाठी ही योजना, पासष्टीनंतर श्रावणबाळ. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पण ती यादी 2002 च्या पाहणीवर बेतलेली. 13 प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 52. पंखा आहे का, अंगावर घालायला कपडे किती, शौचाला कुठे जाता, असे ते प्रश्न. तेव्हा जो घरचा कर्ता होता तो आज म्हातारा झाला, त्याचं घर तीन जागी विभागलं, एक लेक विधवा होऊन माहेरी परतली. तिचं नाव त्या यादीत कुठून असणार? मग उरतो 21,000 चा दाखला.

हा आकडा किती खाली आहे ते सरकारच्याच इतर आकड्यांशेजारी ठेवून पाहावं. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं 2011-12 साली देशाच्या ग्रामीण भागासाठी दारिद्र्यरेषा ठरली माणशी महिना 816 रुपये. ही रेषा फारच कंजूष आहे म्हणून तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. त्या कंजूष रेषेनंसुद्धा पाच जणांच्या कुटुंबाचे वर्षाचे 48,960 रुपये होतात. अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्यासाठी महाराष्ट्रानं घातलेली मर्यादा गावात 44,000 आणि शहरात 59,000. निराधार योजनेतच दिव्यांगांसाठी 50,000. म्हणजे एकाच तहसील कचेरीत, एकाच जिन्यावर, पुरवठा शाखेत जे कुटुंब गरीब ठरतं तेच शेजारच्या संगायो शाखेत खाऊनपिऊन सुखी ठरतं. (संगायो म्हणजे संजय गांधी योजना. तहसीलमध्ये पूर्ण नाव घेण्याइतका वेळ कुणाला नसतो.)

आणखी एक हिशेब. 2025-26 साठी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी ठरली रोज 312 रुपये. एखाद्या विधवेच्या घरातल्या कुणी एकानं त्या वर्षी 67 दिवस माती उचलली तर 20,904 झाले. 68 व्या दिवशी फावडं हातात घेतलं की ते घर निराधार राहत नाही. त्या कायद्यातली 100 दिवसांची हमी पूर्ण वापरली तर 31,200 होतात. रोजगार हमीची कल्पना ज्या राज्यानं वि. स. पागे यांच्या हातून देशाला दिली, त्याच राज्याचा एक नियम असा, की हमीचं काम मागणाऱ्यानं निराधारची आशा सोडावी. एकरभर कोरडवाहू असेल तर पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला 12,000 येतात. काटेकोर मोजायचं म्हटलं तर उरलेल्या 9,000 त शेती, मजुरी, शेळ्या, सगळं बसवायचं.

अर्थात काटेकोर कुणी मोजत नाही. मोजलं तर योजनाच बंद पडेल. मग होतं काय, ते पाहायला मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या सेतू केंद्रात अर्धा तास बसावं. खिडकीपाशी एक म्हातारी, पदराच्या गाठीत आधार कार्डाची झेरॉक्स. आतला पोरगा स्क्रीनवरून नजर न काढता विचारतो, "आजी, दाखला कशाला पायजे?" "निराधारच्या पगाराला." "मग एकवीसच्या आत टाकावं लागंल." "टाक की बाबा, तुला कळतंय." स्वयंघोषणापत्रावर अंगठा उमटतो. त्या कागदाखाली छापलेलं असतं की माहिती खोटी निघाल्यास शिक्षेस पात्र राहीन. म्हातारीला ते वाचता येत नाही. पोरानं ते इतक्यांदा पाहिलंय की त्याला ते दिसत नाही. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, अहवाल देतात. त्यांनाही ठाऊक असतं की या घरातला मुलगा ऊसतोडीला जातो आणि उचल म्हणून एका जोडप्याला मिळणारी रक्कमच या मर्यादेच्या कितीतरी पुढे असते. पण ती उचल म्हणजे कर्ज, आणि मुलाचं बिऱ्हाड वेगळं, आणि म्हातारी खरोखर एकवेळ जेवते. अहवालात ते काय लिहिणार? खरा आकडा लिहिला तर खऱ्या गरजूचा घास जातो. खोटा लिहिला तर तो त्यांच्या सहीनिशी खोटा.

अतिशय कडक निकष ठेवला की बांडगुळं दूर राहतात आणि पैसा फक्त गरजूंना पोचतो, असा एक समज मंत्रालयापासून पारापर्यंत आहे. इथे उलटं झालंय. मर्यादा इतकी खाली आहे की ज्याची परिस्थिती बरी आहे तोही खोटं बोलतो आणि ज्याची वाईट आहे तोही. दोघांचे दाखले सारखेच दिसतात, कारण दोन्हींवर वीस हजारांच्या आसपासचा आकडा असतो. मग निवड होते ती कुणाचा कागद पुढे सरकला यावर. तिथे एजंट येतो, वॉर्डातला कार्यकर्ता येतो, "साहेबांना सांगतो" म्हणणारा येतो. मंजुरी देणारी तालुका समिती असते, तिचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांच्या पसंतीचा. सरकार बदललं की समित्या बरखास्त होतात आणि नव्या नेमेपर्यंत अर्जांचे गठ्ठे तसेच राहतात. गावोगावच्या फलकांवर कुणाच्या प्रयत्नांतून किती निराधार मंजूर झाले हे फोटोसह झळकतं. हक्काचा पैसा असता तर त्याला प्रयत्न कशाला लागले असते?

या खोट्याची टांगती तलवार मंजुरीनंतरही जात नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो ठीक आहे, मेलेल्याच्या नावे पैसे उचलले जाऊ नयेत. पण कुणी तक्रार केली, भावकीत वाकडं आलं, निवडणुकीत मत कुणाला दिलं यावरून कुजबुज झाली, की 21,000 चा तोच कागद उलटा वापरता येतो. घरात फ्रिज आहे, पोराची मोटारसायकल आहे, पंचनामा करा. पात्र म्हातारीलाही हे माहीत असतं, म्हणून ती दोन-तीन महिन्यांचा पगार थकला तरी आवाज करत नाही.

आवाज कुणाला करता येतो, हे त्याच 2023 च्या मार्चनं दाखवलं. 9 तारखेला अर्थसंकल्पात निराधारांचे 500 रुपये वाढले आणि 14 तारखेला राज्य सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. आठवडाभर रुग्णालयं, शाळा, कचेऱ्या अडखळल्या, सरकारला बोलणी करावी लागली. कर्मचाऱ्यांची मागणी चूक की बरोबर हा वेगळा विषय आहे. पण त्यांच्या हाती निदान काम थांबवण्याचं हत्यार होतं. श्रावणबाळच्या आजोबांनी कशावर बहिष्कार टाकायचा? पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषद उभारली ती याच पोकळीत. असंघटित कष्टकऱ्याला म्हातारपणी किमान वेतनाच्या निम्मं तरी निवृत्तिवेतन मिळावं आणि ते उत्पन्नाच्या दाखल्यावर टांगलेलं नसावं, ही तिची मागणी. जंतरमंतरवर धोतर-पटक्यातली माणसं त्यासाठी कित्येकदा बसली.

दिल्लीचा वाटा सांगायलाही संकोच वाटतो. 1995 च्या स्वातंत्र्यदिनी केंद्रानं राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला तेव्हा वृद्धाला महिना 75 रुपये होते. 2006 मध्ये 200 झाले. 2011 मध्ये वयाची अट 65 वरून 60 वर आली आणि ऐंशीच्या पुढच्यांना 500 झाले. 2012 मध्ये विधवा आणि दिव्यांगांचे 300. तिथेच काटा अडकला. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राकडून आजही 200 च येतात. महाराष्ट्रात राज्य त्यात 1,300 घालून 1,500 पुरे करतं. महागाई भत्ता सरकारी नोकराला वर्षातून दोनदा वाढवून मिळतो, कारण भाव वाढतात हे सरकारला मान्य आहे. निराधारासाठी ते मान्य नाही. हे अशक्य आहे असंही नाही: राजस्थाननं 2023 साली किमान उत्पन्न हमीचा कायदा केला तेव्हा निवृत्तिवेतनात दरवर्षी 15 टक्के वाढ कायद्यातच लिहिली. आंध्रात 2024 च्या जुलैपासून वृद्धाला महिना 4,000 मिळतात.

शेजारच्या गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत साठीनंतर महिना 2,000 मिळतात आणि उत्पन्नाची अट माणशी लावली जाते: योजनेतून वर्षाला जेवढं मिळतं त्याहून, म्हणजे 24,000 हून, दरडोई उत्पन्न कमी हवं. चौघांच्या घराला 96,000. ही अटही फार सैल नाही. पण ती पाळून खरं बोलता येतं, आणि रक्कम वाढली की मर्यादा आपोआप वाढते. पणजीपासून दोडामार्ग काही लांब नाही.

आता 2024 ची लाडकी बहीण. त्या योजनेवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, तिची वेळ निवडणुकीआधीची होती हेही उघड आहे. पण एक गोष्ट तिनं नकळत सिद्ध केली. 21 ते 65 वयाच्या बाईला तिथेही 1,500 च मिळतात. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात पैसे जमा झाले. म्हणजे सरकारनं मनात आणलं तर तलाठ्याचा अहवाल, पंचनामा, समितीची बैठक हे सगळं टाळता येतं. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर, चारचाकीवाले एवढे वगळले की काम भागतं, आणि ही माहिती सरकारच्या संगणकात आधीच आहे. तीच पद्धत निराधार आणि श्रावणबाळला लावायला अडचण कसली? पैशाची म्हणाल तर ती आहे. पण मग ती उघड सांगावी, म्हातारीच्या अंगठ्याआड लपवू नये.

फेब्रुवारी 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी छाननीत पाच लाख महिला लाडकी बहीणमधून अपात्र ठरल्याचं जाहीर केलं. त्यांत 2 लाख 30 हजार आधीच संजय गांधी योजनेचा लाभ घेणाऱ्या होत्या आणि 1 लाख 10 हजार 65 वर्षांवरच्या. वयाच्या अटीनं बाहेर पडणाऱ्या बाईला पुढची योजना श्रावणबाळ. आदल्या महिन्यापर्यंत अडीच लाखांच्या आत असल्यानं ती पात्र होती. आता तिला 21,000 च्या आत असावं लागतं. वाढदिवसाला मर्यादा जवळपास बारापट खाली. (तो वाढदिवस बहुतेक वेळा 1 जूनचा असतो, पहिलीत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेला, शाळेतच न गेलेलीचा आधारवर 1 जानेवारी.) तिचं नाव, वय, आधार क्रमांक, त्याला जोडलेलं बँक खातं, रेशनकार्डाचा रंग, सगळं सरकारजवळ आहे. डिसेंबर 2024 पासून निराधार आणि श्रावणबाळचे पैसेही थेट खात्यातच पाठवायला सुरुवात झाली. एका यादीतून नाव काढून दुसऱ्या यादीत घालायला संगणकाला क्षणभर लागेल. तरीही तिनं पुन्हा सेतूत जायचं, वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि एकवीसच्या आतलं उत्पन्न घेऊन, आणि समितीची बैठक कधी होते याची वाट पाहायची.