गुन्हा मागे घेतला म्हणजे पुसला गेला?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात किंवा टागोर नगरात पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा कॉलेजचा मुलगा श्रावणात गोविंदा पथकाच्या थरांवर चढलेला दिसतो, यात नवल नाही. अंगमेहनत तीच आणि मैदानावरची पोरंही तीच. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये हंडीची उंची 20 फुटांवर आणली आणि 18 वर्षांखालच्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ही बंधनं कायम ठेवली, तेव्हा ती मोडणाऱ्या मंडळांवर गुन्हे दाखल झाले. पुढच्या वर्षी उंचीची अट गेली. त्यानंतर कोरोनाकाळ आला आणि संचारबंदी मोडली म्हणून हजारो तरुणांवर भारतीय दंड संहितेचं कलम 188 लागलं. मार्च 2022 मध्ये तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी विद्यार्थ्यांवरचे असे गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं. काही महिन्यांनी आलेल्या सरकारने दहीहंडी आणि गणेशोत्सवातल्या गुन्ह्यांबाबत तशीच भूमिका घेतली, हंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदांना खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून नोकरीचं आश्वासनही दिलं. ‘आता सगळं मिटलं’ ही समजूत तिथूनच पसरली.

वस्तुस्थिती अशी की खटला मंत्रिमंडळ मागे घेत नाही. शासन निर्णय निघतो, समिती प्रकरणं छाननीला घेते, जीवितहानी झाली का, मालमत्तेचं मोठं नुकसान झालं का हे पाहते. मग सरकारी वकील न्यायालयात अर्ज करतो आणि न्यायालयाची संमती मिळाली तरच खटला थांबतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 खाली व्हायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 खाली होतं. दोषारोप ठेवण्यापूर्वी अर्ज मंजूर झाला तर आरोपी दोषमुक्त होतो, त्यानंतर झाला तर निर्दोष सुटतो. नव्या कायद्याने पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय संमती देऊ नये असंही बजावलं आहे. ही संमती नावापुरती नसते. केरळ विधानसभेत 2015 साली झालेल्या तोडफोडीचा खटला मागे घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये साफ नकार दिला. म्हणून बातमी वाचून निर्धास्त बसलेल्या मुलाचं प्रकरण न्यायालयाच्या दप्तरात अजून चालूच असू शकतं. पोलिसांनी तपास बंद करताना दिलेली ‘सी समरी’ (गुन्हा खरा किंवा खोटा न ठरल्याचा अहवाल) वेगळी आणि उच्च न्यायालयाने रद्द केलेला एफआयआर वेगळा. आपलं प्रकरण नेमकं कोणत्या कागदाने संपलं, हे त्या मुलाला ठाऊक असलंच पाहिजे.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज साक्षांकन नमुन्यात दिसतो. भरतीत निवड झाल्यावर हा नमुना भरावा लागतो, आणि तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, असं त्यात विचारलेलं असतं. ‘आता आहे का’ एवढाच तो प्रश्न नसतो. केस मिटली म्हणून मुलं ‘नाही’ लिहितात, मग चारित्र्य पडताळणीत जुनी नोंद निघते आणि गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच नोकरीच्या आड येते. अवतार सिंग प्रकरणात (2016) सर्वोच्च न्यायालयाने याची चौकट आखून दिली. खरी माहिती दिली तरी उमेदवाराचा पूर्वेतिहास तपासायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला राहतो. मात्र तरुण वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ बाबीत त्याला लपवणूकही पोटात घालता येते. पवन कुमार प्रकरणात (2022) याच न्यायालयाने सांगितलं की माहिती दडवली एवढ्यावरून सरसकट कुणाला काढून टाकता येत नाही. तरीही ही सवलत मागण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि तोवर भरतीचं वय उलटतं. अठराच्या आतल्यांची गोष्ट निराळी: बाल न्याय कायद्याचं कलम 24 सहसा त्यांच्यावर गुन्ह्यामुळे अपात्रता येऊ देत नाही.

यावर कुणी विचारेल, मग गुन्हा मागे घेण्याचा फायदा काय? फायदा मोठा आहे. तारखा थांबतात, शिक्षेची टांगती तलवार जाते आणि ‘खटला प्रलंबित’ हा शेरा निघतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मतांसाठी गुन्हे मागे घ्यायचे, मग नियम पाळणाऱ्या पथकांनी काय करायचं? हंडीत माणसं जायबंदी होतात, जीवही जातात. अशा प्रकरणात खटला मागे घेणं मला मान्य नाही. पण खांद्यावर थर पेलणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आणि लाखोंची बक्षिसं लावणाऱ्या आयोजकाला एकाच मापाने मोजणंही अन्यायाचंच. ‘वशिल्याने सुटला’ म्हणणारे शेजारी आणि ‘पुराव्याने निर्दोष ठरला’ म्हणत बॅनर लावणारे कार्यकर्ते, दोघेही आदेशात नसलेली गोष्ट सांगतात, कारण खटला मागे घेताना पुरावा तपासून निवाडा झालेलाच नसतो. त्या मुलाच्या कामी येईल ती आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल. ती न्यायालयात रीतसर अर्ज करून मिळते आणि भरतीचा फॉर्म भरण्याआधीच काढून ठेवावी लागते.