अवकाशयानाच्या संगणकीय खेळांतील पाठलाग : हालचालींच्या क्लृप्त्या व त्यांमागील यांत्रिकी

प्रस्तावना :

अवकाशयान उडविण्याच्या संगणकीय खेळात नवखा खेळाडू बहुधा एकच चूक करतो. प्रतिस्पर्ध्याचे यान दिसताच तो आपल्या यानाचे नाक त्याच्याकडे वळवितो आणि पूर्ण जोर देतो. पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या या खेळांत ही चूक का होते, याचे उत्तर गतिशास्त्रात आहे. ते समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात प्रथम जमिनीवरील पाठलागाचा आणि नंतर अवकाशातील पाठलागाचा विचार केला आहे.

छेदबिंदूचा वेध :

ताडोबाच्या जंगलात रानकुत्र्यांची टोळी चितळामागे धावते तेव्हा सर्वच कुत्री त्याच्या मागोमाग धावत नाहीत. काही वळण कापून पुढे येतात. लक्ष्य आज कोठे आहे यापेक्षा ते क्षणभराने कोठे असेल, हे महत्त्वाचे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) हाच विचार मोर आणि सापाच्या उदाहरणात आला आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या पायथ्याशी बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत आहे. दोघांची गती समान मानल्यास मोर सापाला बिळापासून बारा हातांवर गाठतो; दोघांनीही पंधरा-पंधरा हात अंतर कापलेले असते. मोराने सापाकडे पाहत झेप घेतली असती तर त्याचा मार्ग वक्र व लांब झाला असता. अशा वक्राचा गणिती अभ्यास फ्रान्समध्ये प्येर बुगेर याने १७३२ साली केला.

खेळातील पहिली क्लृप्ती यातूनच निघते. प्रतिस्पर्धी आपल्या दृष्टिरेषेत एकाच कोनात स्थिर दिसत असेल आणि अंतर घटत असेल, तर भेट निश्चित आहे. तो कडेला सरकू लागला की जोर त्या दिशेने द्यावा.

जडत्वाची अडचण :

अनेक लोकप्रिय खेळांत अवकाशातही हवा असल्याप्रमाणे यान वळते आणि इंजिन थांबताच मंदावते. हा सोयीस्कर असत्याचा भाग झाला. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’ या आद्य खेळात मात्र यानाला जडत्व होते आणि मध्यभागी गुरुत्वाकर्षण असलेला ताराही होता. जडत्व असेल तेथे यान वळविल्याने त्याची दिशा वळते, मार्ग वळत नाही.

समजा, स्थिर प्रतिस्पर्धी दोन किलोमीटरवर आहे आणि यानाचे त्वरण सेकंदाला १० मीटर प्रतिसेकंद इतके आहे. शेवटपर्यंत जोर दिल्यास यान २० सेकंदांत तेथे पोहोचेल, पण २०० मीटर प्रतिसेकंद वेगाने त्याच्या शेजारून निघून जाईल आणि थांबण्यासाठी त्याला आणखी दोन किलोमीटर लागतील. अनुभवी खेळाडू अर्ध्या वाटेवर यान उलटे फिरवून तितकाच जोर विरुद्ध दिशेने देतो. वेळ सुमारे २८ सेकंद लागतो, पण यान लक्ष्याजवळ थांबते. प्रतिस्पर्धी चालता असेल तर आधी त्याच्या वेगाशी आपला वेग जुळवावा, मग अंतर कमी करावे.

कक्षेतील विरोधाभास :

ग्रहाभोवती फिरताना हेही पुरेसे नसते. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी-४’ यानाचे प्रमुख जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याकडे यान नेण्याचा प्रयत्न केला. त्या दिशेने जोर देऊनही टप्पा दुरावत गेला, इंधन खर्ची पडले आणि प्रयत्न सोडावा लागला. कारण असे की पुढे जोर दिल्यास कक्षा उंचावते, प्रदक्षिणेचा काळ वाढतो आणि यान मागे पडते. पुढील यानास गाठावयाचे तर मागे जोर देऊन खाली उतरावे लागते.

४७५ किलोमीटर उंचीवर एक प्रदक्षिणा सुमारे ९४ मिनिटांत होते. दहा किलोमीटर खाली उतरलेले यान प्रत्येक प्रदक्षिणेत सुमारे ९४ किलोमीटरची आघाडी घेते. त्यासाठी वेगात एकूण करावा लागणारा बदल सेकंदाला जेमतेम साडेपाच मीटर, म्हणजे सायकलस्वाराच्या वेगाइतका असतो! याच स्वरूपाच्या उंचीवर इस्रोच्या ‘स्पेडेक्स’ मोहिमेतील दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी परस्परांशी जोडले गेले. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’सारख्या खेळात हा नियम खेळाडूला स्वतःच्या चुकांतून शिकावा लागतो.

लाडबोरीचा संदर्भ :

मंदावल्याने वेग वाढतो, हा विरोधाभास चंद्रपूर जिल्ह्याने प्रत्यक्ष पाहिला आहे. २ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी आकाशात तेजस्वी रेषा दिसल्या आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे कोसळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग-३बी’ अग्निबाणाचा तो भाग असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विरळ हवेचा रोध अशा टप्प्याला रोखू पाहतो. त्यामुळे तो खाली येतो आणि खालच्या कक्षेत अधिक वेगाने फिरतो, मग अधिक दाट हवेत शिरतो. जीवितहानी झाली नाही, ही सुदैवाची गोष्ट. तथापि येथे छेदबिंदू शोधणे खेळाइतके सोपे नाही. वातावरण-प्रवेशाच्या वेळेत एका मिनिटाची चूक झाली तरी पडण्याचे ठिकाण चारशे किलोमीटरहून अधिक सरकते. बुलढाणा ते गडचिरोली हे सरळ रेषेतील अंतर साधारण तेवढेच आहे.